वाचकांचे प्रश्न : घरबसल्या शिकायचं, पण कोणत्या साइटवर?

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात मी हिशेब लिहितो. बारावी कॉमर्स झाली, पुढचं राहून गेलं. अकाउंटिंग आणि स्प्रेडशीट नीट शिकायचंय, जमलं तर बी.कॉम.ही करायचंय. साइट इतक्या आहेत की सुरुवात कुठून करावी कळत नाही. ओळखीचे एक गृहस्थ ‘वर्षात डिग्री काढून देतो’ म्हणतात.

उत्तर : शिकणं आणि पदवी घेणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांच्या साइटही वेगळ्या. शिकायला आजच लागा. त्याला प्रवेश, फी काही लागत नाही.

अकाउंटिंगसाठी इग्नूची, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची, ‘ईज्ञानकोश’ ही साइट उघडा. विद्यापीठाची पाठ्यपुस्तकं तिथे पीडीएफमध्ये मोफत मिळतात. विषयाच्या नावानं शोधलंत तर जुन्या अभ्यासक्रमाची पुस्तकंही पुढ्यात येतात आणि घोळ होतो. म्हणून कोर्स कोडनं शोधा. फायनान्शियल अकाउंटिंगचा कोड बीसीओसी-१३१. तो इंग्रजी अक्षरांत टाइप करा. पुस्तकात ब्लॉक, ब्लॉकमध्ये युनिट अशी मांडणी असते. युनिटच्या मध्ये मध्ये स्वतःची तयारी तपासायचे प्रश्न आणि शेवटी उत्तरं दिलेली असतात. आधी वहीत जर्नल एंट्री करा, मगच उत्तरं उघडा. रोजमेळ लिहिणाऱ्या माणसाला हे पुस्तक जड जाणार नाही.

स्प्रेडशीटसाठी मुंबई आयआयटीचं ‘स्पोकन ट्युटोरियल’. विषय लिबरऑफिस कॅल्क (एक्सेलसारखं मोफत सॉफ्टवेअर), भाषा मराठी निवडा. निवेदन मराठीत, स्क्रीन मात्र इंग्रजीत दिसते, आणि कामावर तुम्हाला इंग्रजी मेनूच वापरायचे असल्यानं ते बरंच आहे. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, अर्ध्यावर कॅल्क ठेवा. एक कृती बघा, थांबवा, स्वतः करा. दहाएक मिनिटांच्या पाठाला अर्धा तास लागला तरी चालेल. नुसतं मोबाइलवर बघत बसलात तर सूत्रं हाताखालून जात नाहीत. नेहमीची सूत्रं एक्सेलमध्येही तशीच चालतात.

आता पदवी. तीन वर्षांची पदवी वर्षात कुठलंही मान्यताप्राप्त विद्यापीठ देत नाही. त्या गृहस्थांना एक रुपयाही देऊ नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरशिक्षण ब्युरोच्या साइटवर मान्यताप्राप्त विद्यापीठांची यादी असते. त्यात विद्यापीठाचं नाव सापडलं म्हणून थांबू नका. नेमका तुमचा अभ्यासक्रम आणि तुमचं सत्र त्यात आहे का तेही पाहा. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू हे दोन पर्याय आधी तपासा. प्रवेशाआधी डिजिलॉकरमधून एबीसी आयडी (तुमच्या शैक्षणिक क्रेडिटच्या खात्याचा क्रमांक) आणि त्यावरून ब्युरोच्या साइटवर डीईबी आयडी (दूरशिक्षणाच्या प्रवेशासाठीचा विद्यार्थी क्रमांक) काढावा लागतो. आधारवरचं आणि गुणपत्रिकेवरचं नाव जुळत नसेल तर गाडी इथेच अडते, तेव्हा ती दुरुस्ती आधी करून घ्या. फी विद्यापीठाच्याच पोर्टलवर भरा. फ्रँचायझी देऊन अभ्यासकेंद्र चालवायला यूजीसीची मनाई आहे.

प्रश्न : मी जुळे सोलापुरात राहते. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरचा बारा आठवड्यांचा कोर्स पूर्ण पाहिला, तरी प्रमाणपत्र आलं नाही. असं का?

उत्तर : व्हिडिओ पाहण्याला तिथे गुण नाहीत. कोर्सला नाव नोंदवणं मोफत असतं. परीक्षेची नोंदणी वेगळी, सशुल्क आणि ठरावीक तारखेपर्यंतच. बहुतेकांची तीच राहून जाते. दर आठवड्याच्या असाइनमेंटलाही मुदत असते, ती टळली की त्या आठवड्याचे गुण गेले. बारांपैकी सर्वोत्तम आठ धरून त्यांचे २५ आणि परीक्षेचे ७५ गुण असतात. प्रमाणपत्राला असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३० हवेत. एकीकडचे जादा गुण दुसरीकडची तूट भरून काढत नाहीत. पुढच्या वेळी पहिल्याच आठवड्यात सगळ्या तारखा वहीत उतरवून घ्या. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते, म्हणून नोंदणी करताना शहरांची यादी पाहा आणि सोलापूर नसेल तर जवळचं शहर निवडा.

प्रश्न : मोबाइलचा डेटा दिवसाअखेर पुरत नाही. उपाय?

उत्तर : एनपीटीईएलच्या व्याख्यानांचं लिखित रूप पीडीएफमध्ये मिळतं, आधी ते वाचा आणि अडेल तिथलाच व्हिडिओ २४० पिक्सेलवर लावा. स्पोकन ट्युटोरियलचे पाठ वाय-फाय मिळेल तिथे एकदाच डाउनलोड करून पेनड्राइव्हवर ठेवा.