बारावीनंतर नागपुरात बायोकेमिस्ट्री घ्यावी का?

तुम्ही विचारलं आहे की पीसीबी घेऊन बारावी झाली, नीटमध्ये जमलं नाही, तर आता नागपुरात बी.एस्सी.ला बायोकेमिस्ट्री घ्यावी का आणि त्यात नुसतं पाठांतर असतं हे खरं का. मी हा विषय इथेच शिकले आणि आता शिकवते.

घ्या. पण केमिस्ट्रीपासून सुटका होईल म्हणून घेत असाल तर मुळीच नको.

पाठांतराची धास्ती कुठून येते ते मला माहीत आहे. ग्लायकोलिसिसच्या (पेशीत ग्लुकोज फुटण्याच्या) दहा पायऱ्या, त्यापुढचं क्रेब्ज चक्र, प्रथिनं ज्यांची बनतात ती वीस अमिनो आम्लं. मुलं आदल्या रात्री घोकतात आणि पेपर संपला की विसरतात. कुठला अणू कुठे गेला, कुठे भार आला, हे दर पायरीला कागदावर काढत गेलात तर घोकायला फार थोडं उरतं.

एकच उदाहरण देते, या विसांतल्या ग्लुटामिक आम्लाचं. शरीरातल्या पीएचला, म्हणजे आम्लतेच्या पातळीला, त्याच्या बाजूच्या साखळीवर ऋण भार असतो. हिमोग्लोबिनमधल्या अमिनो आम्लांच्या बीटा साखळीत सहाव्या जागी हे आम्ल असतं. तिथे व्हॅलिन हे दुसरं अमिनो आम्ल आलं की सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार! व्हॅलिनवर भार नाही आणि त्याला पाणी मानवत नाही. त्यामुळे ऑक्सिजन सोडल्यावर असे रेणू एकमेकांना चिकटून तंतू बनतात आणि तांबडी पेशी वाकडी होते. विदर्भात हा आजार किती घरांत आहे हे तुम्हाला सांगायला नको. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये भारातला हाच फरक इलेक्ट्रोफोरेसिसने, म्हणजे विजेच्या दाबाने रेणू सरकवून वेगळे करण्याच्या पद्धतीने, दाखवला होता. तो आजही दिसतो: पीएच ८.६ च्या बफरमध्ये (पीएच टिकवून धरणाऱ्या द्रावणात) नेहमीचं हिमोग्लोबिन धन टोकाकडे सरकतं, सिकलसेलचं मात्र मागे राहतं. वाहकाच्या, म्हणजे दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन असलेल्याच्या, नमुन्यात दोन पट्टे दिसतात, एक पुढे, एक मागे. पहिल्यांदा ते दोन पट्टे पाहिलेला विद्यार्थी अमिनो आम्लांचे भार पुन्हा विसरत नाही.

आता पूर्व विदर्भातली लाखोळीची डाळ घ्या, धान निघाल्यावर बांध्यांत घेतात ती. तिच्यात ओडॅप नावाचा पदार्थ असतो. त्याची घडण ग्लुटामिक आम्लाशी इतकी मिळतीजुळती आहे की चेतापेशींवरच्या ग्लुटामेटच्या (याच आम्लाच्या भार असलेल्या रूपाच्या) जागा तो पकडतो आणि त्या पेशींना मरेपर्यंत उत्तेजित करतो. दुष्काळात महिनोन्‌महिने हीच डाळ खाऊन राहिलेल्या माणसांचे पाय कायमचे जातात, ते यामुळे. ओडॅप पाण्यात विरघळतो, म्हणून भरपूर पाण्यात भिजवून किंवा उकळून ते पाणी फेकलं की त्याचं प्रमाण बरंच घटतं. आजार दोन, पण दोन्हीकडे विचार करायचा तो एकाच रेणूच्या भाराचा आणि आकाराचा.

प्रात्यक्षिकं मनापासून करा. पुस्तकातलं रूम टेम्परेचर म्हणजे २५ अंश. आपल्याकडे एप्रिलमध्ये कूलर लावूनही लॅब त्याच्या बरीच वर असते. लॅबमध्ये नेहमी लागणाऱ्या ट्रिस या बफरचा पीएच तापमानाच्या दर अंशाला साधारण ०.०२८ ने उतरतो. ४० अंशाला ८.० करून ठेवलेलं बफर फ्रीजमध्ये ४ अंशाला गेलं की ९ च्या आसपास पोचतं. मग एन्झाइम नीट चालत नाही आणि दोष एन्झाइमवर जातो. फिजिकल केमिस्ट्री कशाला, असं विचारणाऱ्यांना मी हे करून दाखवते.

नोकरीचं स्पष्ट सांगते. नुसत्या बी.एस्सी.वर फार काही मिळत नाही, एम.एस्सी. धरूनच चाला. पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायचं असेल तर डीएमएलटी हा लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा वेगळा करावा लागतो. पुढे गेट या पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेत लाइफ सायन्सेसचा पेपर दिलात तर त्यात केमिस्ट्रीचा भाग सक्तीचा आहे. बायोकेमिस्ट्री, बॉटनी वगैरेंतून दोन निवडायचे असतात.

त्यामुळे विषय निवडताना केमिस्ट्री सोबत राहील असंच पाहा. हिस्लॉप कॉलेजमध्ये बायोकेमिस्ट्री आहे, नागपूर विद्यापीठाचा बायोकेमिस्ट्री विभाग अमरावती रोडला एलआयटीच्या (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या) आवारात आहे. प्रवेशाआधी दोन्हीकडे जाऊन लॅब बघा, आणि तिथल्या मुलांना विचारा की प्रात्यक्षिक प्रत्येकाला स्वतःच्या हाताने करायला मिळतं की गटातला एकच जण करतो आणि बाकीचे वहीत उतरवतात.