निपाणी-चिकोडी भागातल्या सोयाबीनच्या तेलापासून थर्मोसेट प्लास्टिक बनवता येईल का?

होय, असे एकदा घट्ट झाल्यावर तापवले तरी न वितळणारे प्लास्टिक बनवता येते. मात्र तेल जसेच्या तसे वापरून नव्हे, तर त्याच्या रेणूत आधी रासायनिक बदल करून. सोयाबीन तेलाच्या एका रेणूत सरासरी साडेचार दुहेरी बंध असतात, पण ते आपण होऊन एकमेकांशी घट्ट जोडले जात नाहीत. म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि फॉर्मिक किंवा ॲसेटिक आम्ल यांच्या साहाय्याने त्यांचे इपॉक्सी गटांत (ऑक्सिजन असलेल्या, सहज क्रिया करणाऱ्या कड्यांत) रूपांतर करतात. पुढे त्यांवर ॲक्रिलिक आम्लाची क्रिया घडवून, स्टायरिन हे द्रव रसायन मिसळून ते रेझिन (घट्ट होऊ शकणारे चिकट द्रव्य) साच्यात घट्ट केले की रेणूंचे जाळे विणले जाते आणि तापवले तरी न वितळणारे प्लास्टिक हाती येते. याचे घरगुती रूप जवसाच्या तेलात दिसते: ताटलीत पातळ पसरून ठेवल्यास काही दिवसांत हवेतील ऑक्सिजनमुळे त्यावर पापुद्रा धरतो, आणि तो आचेवर धरला तरी पुन्हा तेल होत नाही. एरंडेलात हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) निसर्गतःच असल्याने ते डायआयसोसायनेट या जोडणाऱ्या रसायनाशी सरळ जोडून पॉलियुरेथेन हे प्लास्टिक करता येते. माझ्या मते लहान उद्योगाला तोच मार्ग अधिक सोपा आहे. मर्यादा एवढीच, की तेलातील लांब, लवचीक साखळ्यांमुळे असे प्लास्टिक एरवी मऊ राहते, आणि त्याला ताठपणा देणारे स्टायरिन खनिज तेलापासूनच येते. इपॉक्सीकरणात बरीच उष्णता बाहेर पडते, तेव्हा पेरॉक्साइड थेंबाथेंबाने आणि जाणकाराच्या देखरेखीखालीच घालावे. हा प्रयोग घरी मुळीच करू नये.