चावी गरगर फिरते आणि घड्याळ पहाटे थांबतं

प्रश्न : वडिलांचं सिको फाइव्ह ऑटोमॅटिक घड्याळ त्यांच्यानंतर मी घालते. ते एसटीत कंडक्टर होते, रिटायर झाल्यावरही दिवसभर शेतावर असायचे, तेव्हा हे घड्याळ बंद पडलेलं मला आठवत नाही. माझ्या हातात आल्यापासून मात्र रात्री एक ते चारच्या मध्ये कधीतरी थांबतं. मी बँकेत कॉम्प्युटरवर काम करते. चावी कितीही फिरवली तरी नुसती गरगर फिरते. दुकानदार म्हणतो मशीन गेलं, सेलचं मशीन टाकून देतो. टाकू का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, आधी एक विनंती, सेलचं मशीन अजिबात टाकू देऊ नका. बाबांनी इतकी वर्षं हात हलवून जे चालवलं ते हेच मशीन आहे, ते काढलं तर उरते फक्त केस (बाहेरचं कवच) आणि डायल. आणि तुमच्या पत्रावरून मला तरी ते मेलेलं वाटत नाही.

पहिलं चावीचं बघू. घड्याळाच्या पाठीवर बारीक अक्षरात एक नंबर असतो, तो ७एस२६ ने सुरू होत असेल तर त्या मशीनला हाताने चावी देताच येत नाही, कंपनीनेच तसं बनवलंय. १९९६ पासूनचं हे मशीन लाखो सिको फाइव्हमध्ये आहे. चावी तीनच्या आकड्यासमोर नसून चारच्या जवळ केसमध्ये दडलेली आहे ना, ते याचसाठी, रोज हात लावायची गरजच नाही. ती फक्त वेळ आणि तारीख-वार लावायला. म्हणजे चावी गरगर फिरते हा बिघाड नाहीच.

आता रात्री का थांबतं. आत एक अर्धगोल वजनदार रोटर असतो, हात हलला की तो फिरतो आणि सिकोच्या ज्या खटक्याला मॅजिक लीव्हर म्हणतात (१९५९ पासूनची युक्ती आहे, रोटर कुठल्याही बाजूला फिरो, स्प्रिंग एकाच बाजूला भरते) त्याच्यामार्फत स्प्रिंग गुंडाळली जाते. कंडक्टरचा हात दिवसभर तिकीट, दांडी, घंटीची दोरी यात चालू असायचा, तुमचा डावा हात कीबोर्डवर टेकलेला असतो, मनगट जागचं हलत नाही. बोटं कितीही चालली तरी रोटरला त्याचा उपयोग नाही. त्यात मध्यरात्री तारीख ढकलायची आणि नंतर वारही, त्या दोन-चार तासांत मशीनवर जास्तीचा लोड येतो, आणि स्प्रिंग आधीच अर्धीमुर्धी भरलेली असेल तर नेमकं तिथेच दम सुटतो. तुमचं एक ते चारच्या मध्येच थांबतं त्याचं कारण मला हेच दिसतं.

पण हे अंदाजाने ठरवू नका, तपासून घ्या. मला तरी सगळ्यात भरवशाची वाटते ती तपासणी अशी : एखाद्या चांगल्या घड्याळजीकडे जा, त्याला मागचं झाकण उघडून स्प्रिंगच्या डब्यावरचा स्क्रू स्क्रूड्रायव्हरने हळूहळू फिरवून स्प्रिंग पूर्ण भरायला सांगा, आठेक फेरे लागतात. समजा शनिवारी सकाळी दहाला भरली, तर घरी आणून कपाटात ठेवा आणि हात लावू नका. सोमवारी पहाटे दोनच्या पुढे म्हणजे चाळीसेक तास चाललं तर स्प्रिंग, चाकं, बॅलन्स (मागे-पुढे डोलून वेळ राखणारं चाक) सगळं ठीक आहे, तक्रार फक्त भरण्याच्या बाजूला आहे : एकतर तुमची हालचाल कमी पडते किंवा रोटर आणि मॅजिक लीव्हरमध्ये घाण, झीज आहे. आणि पंधरा-वीस तासांतच बंद पडलं तर प्रश्न आतला. ऑटोमॅटिकच्या स्प्रिंगचं बाहेरचं टोक हुकात अडकवलेलं नसतं, ते डब्याच्या भिंतीला दाबून धरून असतं आणि पूर्ण भरली की सरकतं, म्हणून ऑटोमॅटिक जास्त भरून तुटत नाही. पण त्या भिंतीचं ग्रीस जुनं झालं की टोक वेळेआधीच सरकायला लागतं आणि स्प्रिंग पूर्ण भरतच नाही. नाहीतर तेल सुकून सगळी चाकंच जड झालेली असतात. दोन्हीला इलाज सर्व्हिसिंग, मशीन बदलणं नाही.

घरी एक गोष्ट बघता येते. घड्याळ कानाशी उभं धरून हळूच या कुशीवरून त्या कुशीवर करा, रोटर मऊ सरकल्यासारखा आवाज यायला हवा. खरखर किंवा झाकणाला घासल्याचा आवाज आला तर रोटरचा स्क्रू ढिला किंवा बेअरिंग झिजलंय, तसंच घालत राहू नका. आणि अर्धा मिनिट हलवून जे सुरू होतं ते नुसतं सुरू होण्यापुरतं, तेवढ्याने रात्र निघत नाही. सकाळी मैलभर हात मोकळे सोडून चाला आणि आठवडाभर बघा काय फरक पडतो. रात्री नऊ ते पहाटे चारमध्ये तारीख-वार मात्र हाताने बदलू नका, त्या वेळी आतली चाकं एकमेकांत गुंतलेली असतात, दात मोडतात.

प्रश्न : नवीन ऑटोमॅटिक घेतलं, मशीन मियोटा ८२१५. हात झटकला की आत रोटर भिंगरीसारखा फिरतो आणि मनगटावर थरथर जाणवते. फॉल्टी पीस आहे का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. हे मशीन एकाच बाजूच्या फिरण्याने भरतं, दुसऱ्या बाजूला रोटर मोकळा सुटतो, म्हणून ती भिंगरी. सवय होईल. फक्त वाइंडर बॉक्स (न घातलेलं घड्याळ फिरवत ठेवून भरणारी पेटी) घेणार असाल तर दिशा बदलता येणारा घ्या, उलट्या बाजूला फिरवत ठेवलात तर महिनाभरही भरणार नाही आणि तुम्ही घड्याळाला दोष द्याल.

प्रश्न : माझ्याकडे ईटीए २८२४ मशीनचं स्विस घड्याळ आहे, दहा वर्षं झाली, सर्व्हिसिंग कधी केलं नाही. रोज सकाळी तीस-चाळीस वेळा चावी देतो. हल्ली चावी देताना मागच्या काचेतून दिसतं की रोटर पण सोबत फिरतोय. असंच चालेल का?
— एक वाचक, दुबई

उत्तर : नाही चालणार, आणि आजपासून हाताने चावी देणं थांबवा. यात दोन छोटी रिव्हर्सिंग चाकं असतात (रोटर कुठल्याही बाजूला फिरो, स्प्रिंग एकाच बाजूला भरायचं काम त्यांचं), हाताने चावी देताना त्यांनी रोटरला सोडून द्यायचं असतं. आतले बारीक खटके सुकले किंवा घाणीने चिकटले की ती सोडत नाहीत आणि तुमच्या बोटांचा जोर उलटा जाऊन रोटरला फिरवतो. असं चालू ठेवलं तर चाकांचे दात जातात. वेळेत नेलं तर बहुतेकदा धुऊन आणि त्या चाकांचं खास पातळ तेल देऊन काम होतं, आणि पातळ हा शब्द मी मुद्दाम लिहितोय, कारण नेहमीचं तेल जास्त झालं तरी खटके चिकटतात आणि सर्व्हिसिंग करूनही तीच तक्रार परत येते. माझ्या एका घड्याळाचं नेमकं असंच झालं होतं, दुसऱ्यांदा उघडून चाकं कोरडी धुतली तेव्हा कुठे ठीक झालं. तुमच्या घड्याळजीला आधीच विचारा की रिव्हर्सर, म्हणजे हीच चाकं, वेगळे धुता का. दहा वर्षांत तेल सुकलेलंच असणार, त्यामुळे पूर्ण सर्व्हिसिंगच करून घ्या. पूर्ण भरल्यावर हे मशीन ३८ तासांच्या आसपास चालतं, परत आलं की तेवढं चालतंय ना मोजा. नंतर रोज घालत असाल तर चावीची गरज नाही, दोन दिवस पडून राहिलं तर वीसेक फेरे देऊन मनगटावर चढवा, बाकीचं रोटर भरेल.