झुकलेली वृत्तपत्रे आणि लोकशाही

प्रश्न : आमच्या वाचनालयात येणारे प्रत्येक वृत्तपत्र कोणत्या ना कोणत्या विचारसरणीकडे झुकलेले दिसते. लोकशाहीला हे घातक नाही का?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : विचारसरणी असणे हा मुळात दोष नव्हे. डॉ. आंबेडकरांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ काढले ते उघडपणे बाजू घेण्यासाठीच, कारण तेव्हाच्या पत्रांत अस्पृश्यांच्या प्रश्नांना पुरेशी जागा नव्हती. आणि १९३० मध्ये तुमच्याच पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्याच वर्षी त्यांचे ‘जनता’ही निघाले. धोका लपवलेल्या पैशात आहे. २००९ च्या निवडणुकांत, महाराष्ट्रातही, पैसे घेऊन छापलेला प्रचार बातमी म्हणून वाचकांपुढे आला, आणि त्यावरील भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या उपसमितीचा पूर्ण अहवाल माहिती अधिकाराचा आधार घेतल्यावरच खुला झाला. (वृत्तपत्रांची परिषदच माहिती रोखते, हे विशेष!) तरीही सरकारी नियंत्रण हा उपाय मला पटत नाही, किती पानांच्या पत्राची किंमत किती असावी हे सरकारला ठरवू देणारा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ‘सकाळ’च्या खटल्यात रद्द केला, हे योग्यच झाले. मालक कोण, जाहिराती कोणाच्या, हे पाहून परस्परविरोधी मतांची किमान दोन पत्रे वाचावीत.