आमची सोसायटी नाल्यापलीकडच्या प्रभागात टाकली आहे. हरकत घेता येते का, आणि ती टिकेल अशी कशी लिहायची?

घेता येते, पण प्रारूप प्रभाग रचनेवर (म्हणजे प्रभागांच्या हद्दींच्या कच्च्या मसुद्यावर) हरकतींसाठी दिलेल्या मुदतीतच, लेखी आणि सहीनिशी. अर्ज महापालिकेच्या निवडणूक विभागात देऊन पोच घ्या, सुनावणीला स्वतः हजर राहा. 'आमच्यावर अन्याय झाला' एवढ्यावर काहीच बदलत नाही. नियम कुठे मोडला ते दाखवावं लागतं. प्रभागाची लोकसंख्या सरासरीच्या साधारण १० टक्के आत-बाहेर चालते, म्हणजे सरासरी ४०,००० असेल तर ३६,००० ते ४४,०००. नाला, नदी, रेल्वेमार्ग, मोठा रस्ता ओलांडून हद्द गेली असेल तर नकाशावर तिथे खूण करा. बहुतेक हरकती अडतात त्या इथे: रचना २०११च्या जनगणनेच्या प्रगणक गटांवर (म्हणजे मोजणीसाठी पाडलेल्या घरांच्या लहान गटांवर) होते आणि गट शक्यतो फोडत नाहीत, त्यामुळे एकटी सोसायटी हलवा म्हणण्यात अर्थ नाही. अख्खा गट मागा, त्याचा क्रमांक लिहा आणि तो हलवल्यावर दोन्ही प्रभागांची लोकसंख्या किती होते तेही मांडा. हे गणित नसलेली हरकत, शंभर सह्या असल्या तरी, कमकुवतच. आरक्षणाची तक्रार मात्र यात घालू नका, त्यासाठी सोडतीनंतर वेगळी मुदत असते.