रविवारचा पांढरा रस्सा आणि गळ्यातली माळ

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी कोल्हापूर जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. वय ५३, शेती आणि जोडीला दोन म्हशी. गेल्या आषाढीला पंढरपुरात तुळशीची माळ घातली आणि वशाट सोडले. अंडी, मासे, कोंबडी यांची मला एकदाही आठवण झाली नाही. परंतु रविवारचे मटण, आणि त्यातही पांढरा रस्सा, काही केल्या मनातून जात नाही. दर रविवारी सकाळी खाटकाकडे डबा घेऊन जाण्याचे काम तीस वर्षे माझ्याकडे होते. आता ते मुलगा करतो, आणि अकराच्या सुमारास चुलीवर आळणी पाणी उकळू लागले की मी काहीतरी निमित्त काढून मळ्याकडे निघून जातो. मागच्या महिन्यात पाहुण्यांच्या गावच्या यात्रेत मी फोडी न घेता नुसता पांढरा रस्सा वाटीभर प्यायलो आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. नुसत्या रश्श्याने माळ मोडते का? मित्र म्हणतात, सोयाबीनच्या वड्या खा, फरक कळणार नाही. मला तो पहिल्याच घासाला कळला. शिवाय मटण सुटल्याने माझी ताकद कमी होईल, अशी घरच्यांना धास्ती आहे. मार्ग सुचवावा.
– एक माळकरी वाचक

उत्तर : माळ मोडली की नाही हे ठरवण्याचा अधिकार माझा नाही, ज्या महाराजांच्या हातून तुम्ही माळ घातली, त्यांच्याजवळ जाऊन घडले ते सांगावे हे उत्तम. स्वयंपाकाच्या बाजूने मात्र मी एक गोष्ट स्पष्ट सांगू शकते. पांढऱ्या रश्श्याचा पाया आळणी पाणी हाच असतो, आणि आळणी पाणी म्हणजे आले, लसूण, कांदा व मीठ घालून मटण शिजवताना मांसातून, चरबीतून आणि नळीतून जे जे उतरते ते सगळे. त्यामुळे फोडी बाजूला ठेवून तुम्ही मटण टाळले नाहीत, मटण प्यायलात. झोप लागली नाही म्हणता, तेव्हा हे तुम्हाला माझ्या आधीच ठाऊक होते.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. मासे आणि कोंबडी यांची तुम्हाला आठवणही होत नाही, याचा अर्थ तुमचे मन मांसासाठी झुरत नसून एका विशिष्ट पातेल्यासाठी झुरते आहे. त्या पातेल्यात नेमके काय होते, हे एकदा सुटे करून पाहावे. खोबऱ्याचे दूध, खसखस, तीळ, काजू, मगजबी, लवंग, दालचिनी, वेलदोडा आणि मिरे हे सगळे आजही तुमचेच आहे. त्यातला एकही जिन्नस माळेच्या आड येत नाही. गेली ती फक्त आळणी पाण्याची खोल, जिभेवर रेंगाळणारी चव. १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने अशीच चव देणारे ग्लुटामेट हे द्रव्य शोधून तिला ‘उमामी’ असे नाव दिले, आणि गंमत अशी की त्यांनी ते मांसातून नव्हे, तर कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळातून वेगळे केले होते. मांसात या चवीला जोर देणारी आणखी काही द्रव्ये असतात हे खरे, परंतु पिकलेला टोमॅटो आणि वाळवलेली अळंबी यांतही ही चव भरपूर असते.

म्हणून पुढील प्रयोग करून पाहावा. पांढरे वाटाणे रात्रभर भिजवून आले, लसूण, कांद्याची मोठी फोड, मिरे, तमालपत्र आणि थोडी वाळलेली अळंबी यांच्यासह भरपूर पाण्यात अगदी गाळ होईपर्यंत शिजवावेत आणि वरचे पाणी न ढवळता गाळून घ्यावे. (टोमॅटो येथे नको, रंग बिघडतो.) साजूक तुपात खडा मसाला फुलवून त्यात खसखस, तीळ व काजू यांचे गंधासारखे बारीक वाटण परतावे, गाळलेले पाणी घालून चांगली उकळी आणावी, आणि नारळाचे दाट दूध सर्वांत शेवटी, आच अगदी मंद करून घालावे, त्यानंतर खळखळून उकळले तर ते फुटते. मटणाच्या चरबीने रश्श्यावर जो तवंग येत असे, त्याची जागा तूप बऱ्यापैकी भरून काढते, तेल काढत नाही. चातुर्मासात कांदा-लसूण पाळत असाल तर आले आणि मिरे वाढवून हिंगाची चिमूट घालावी. चव निराळी लागेल, पण वाटी रिकामी होईल.

मात्र या रश्श्याला मटणाच्या रश्श्याशेजारी मांडून त्याची परीक्षा घेऊ नये. सोयाच्या वड्यांचे नेमके हेच झाले आहे. ‘फरक कळणार नाही’ असे सांगून त्या तुमच्या पुढ्यात ठेवल्या, म्हणून तुम्ही फरकच शोधत बसलात. वास्तविक मिठाच्या गरम पाण्यात भिजवून, दोन वेळा घट्ट पिळून त्यांचा कच्चा वास घालवला, दही व आले-लसूण लावून तासभर ठेवल्या आणि लोखंडी तव्यावर कडा करकरीत होईपर्यंत परतल्या, तर त्या चांगला पदार्थ आहेत. फक्त त्यांना मटण म्हणू नये. माझा स्वतःचा कल नकलेपेक्षा आपल्याच भागातल्या अस्सल पदार्थांकडे आहे. इस्लामपूरकडचा अख्खा मसूर किंवा कांदा-लसूण मसाल्याच्या तांबड्या कटातली पाटवडी यांच्यापुढे बसलेला माणूस कशाचीही उणीव काढत नाही, कारण हे पदार्थ कोणाच्या बदली आलेले नसतात. नळी ओढून खाण्याचे सुख मात्र कशातच मिळणार नाही. ते गेले, आणि ते गेले असे एकदा स्वतःशी म्हणून टाकणे हे रोज नवा पर्याय धुंडाळण्यापेक्षा सोपे जाते.

उरला प्रश्न रविवारचा, आणि मला वाटते तुमच्या पत्रातला सर्वांत मोठा प्रश्न तोच आहे. माझे आजोबा माळकरी होते. आमच्या घरी वशाट कधी आतल्या चुलीवर चढले नाही. परसात तीन दगड मांडून त्यावर ते शिजे, त्याचे काळेकुट्ट पातेले गोठ्याच्या खुंटीला टांगलेले असे, आणि आजोबा ओसरीवर निवांत बसून असत. मळ्याकडे पळून जाण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही, कारण वाऱ्याची दिशा पाहून चूल मांडण्याइतका विचार आजी करीत असे. तुम्हीही घरच्यांना तसे मोकळेपणाने सांगावे. त्यांनी खाणे सोडावे अशी अपेक्षा धरू नये, पण चूल बाहेर न्यावी, पातेले आणि पळी वेगळी ठेवावी, एवढे मागण्याचा तुमचा हक्क आहे. दुसरे असे की, तीस वर्षे रविवारचा बेत तुमच्या डब्यापासून सुरू होत होता आणि आता त्या सकाळी तुमच्या हाताला काही कामच राहिलेले नाही. तेव्हा नारळ फोडून दूध काढणे आणि वाटण वाटणे ही कामे स्वतःकडे घ्या. वाटण तर दोन्ही पातेल्यांना लागतेच.

ताकदीविषयी घरच्यांना हा हिशेब दाखवावा. आठवड्याला पाव किलो मटण तुमच्या वाट्याला येत होते असे धरले, तर हाडे वजा जाता त्यातून साधारण ३५ ते ४० ग्रॅम प्रथिने मिळत, म्हणजे दिवसाला पाच-सहा ग्रॅम. तेवढी प्रथिने मूठभर शेंगदाण्यांत असतात. ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाकाठी सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात, आणि ती पूर्वीही तुम्हाला मुख्यतः भाकरी, डाळ, उसळ व दूध यांतूनच मिळत होती. लोहाचे थोडे पाहावे लागेल, कारण धान्य-भाज्यांतील लोह मांसातल्या लोहाइतके सहज अंगी लागत नाही. जेवताना लिंबू पिळून घ्यावे आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांनी (वय ६८, नाशिक) चार वर्षांपूर्वी माळ घालून मांसाहार सोडला. दूध त्यांना आवडत नाही, चहाही कोरा घेतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे. अलीकडे पायांना मुंग्या येतात. हे मधुमेहामुळे असेल असे आम्ही धरून चाललो आहोत.
– एक वाचक भगिनी

उत्तर : मधुमेहामुळे असे होऊ शकते, पण तसे धरून चालू नका, बी-१२ या जीवनसत्त्वाची रक्ततपासणी याच आठवड्यात करून घ्या. हे जीवनसत्त्व धान्य, डाळी, भाज्या यांतून मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते दूध-दह्यातूनच मिळते, आणि तुमच्या सासऱ्यांनी मांसाबरोबर ती वाटही बंद ठेवली आहे. यकृतातला साठा काही वर्षे पुरत असल्यामुळे उणीव उशिरा उघडी पडते. त्यातच मेटफॉर्मिनमुळे बी-१२ कमी शोषले जाऊ शकते. परंतु गोळी स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांना आहाराची ही हकिगत सांगावी. अशक्तपणा आहे म्हणून नुसते फॉलिक ॲसिडही परस्पर सुरू करू नये, कारण त्याने रक्ताचा अहवाल सुधारलेला दिसतो आणि मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते. स्पिरुलिना किंवा आंबवलेल्या पदार्थांवर या बाबतीत भिस्त ठेवता येत नाही.

सासरे औषध घ्यायला कचरतील, तर त्यांना सांगावे की औषधातले बी-१२ जिवाणूंच्या साहाय्याने आंबवून तयार करतात, प्राण्यांपासून काढीत नाहीत. कॅप्सूलचे कवच मात्र पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेले असते. म्हणून डॉक्टरांकडून साधी गोळी, जिभेवर विरघळणारी गोळी किंवा इंजेक्शन यांपैकी काय चालेल ते विचारून घ्यावे.