विज्ञानकथेत किंवा जादूच्या जगात हळूहळू जुळणारं प्रेम लिहिलं तर वाचक कंटाळतात का?

कंटाळणारे कंटाळतात. माझा मामेभाऊ त्यात पहिल्या नंबरवर.

मी तिवसा तालुक्यातली. मोबाईलवरच्या एका कथांच्या ॲपवर दर रविवारी भाग टाकते. नायिका मंगळावरच्या तळावर यंत्रं सांभाळते, नायक लोणारला. (लोणारचं विवर बसाल्टमध्ये झालेलं, मंगळावरच्या विवरांशी ताडून पाहायला अभ्यासक तिथे येतात, म्हणून त्याला तिथे बसवला. उगाच नाही.) दिवाळीत सगळे जमले तेव्हा भाऊनं भर पंगतीत विचारलं, "काऊन वं, इतके भाग झाले, तुह्या पोट्ट्याले तिचा हात धरता येत नाही काय?" सगळे फिदीफिदी हसले. मी म्हटलं, भाऊ, ती मंगळावर आहे. तर म्हणे, "आपल्या कौंडण्यपूरच्या रुक्मिणीनं एक चिठ्ठी धाडली अन् देव रथ घेऊन हजर. असं पाह्यजे."

अहो, कौंडण्यपूर म्हणजेच जुनं कुंडिनपूर, आणि त्याच कुंडिनपूरची दमयंतीही! तिचा नळ कर्कोटक नागाच्या दंशानं कुरूप झालेला, बाहुक नावानं अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथी. तो येऊन ठेपला तरी ही धावत जात नाही. आधी रथाचा आवाज कानाला ओळखीचा लागतो. मग आपल्या दासीला, केशिनीला, त्याच्यावर नजर ठेवायला लावते. त्यानं शिजवलेलं मागवून चव घेते. पोरांना त्याच्यासमोर पाठवते, तो रडतो का बघते. तेव्हा कुठे बोलावणं. नाग आहे, रूप बदलणं आहे, सगळी जादू आहे, आणि जीव अडकतो तो त्या चव घेण्यात. चिठ्ठीपेक्षा मला हे कधीही भारी.

तर तुम्ही लिहिताना एवढं बघा की उशीर त्या जगातूनच यावा. एका फोनवर मिटेल असा गैरसमज घालून भाग वाढवणं ही शुद्ध फसवणूक. पृथ्वी-मंगळ निरोपाला अंतरानुसार साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात, म्हणजे धड भांडतासुद्धा येत नाही. तिचा राग त्याच्यापर्यंत पोचतो तोवर ती निवळलेली असते. शिवाय साधारण २६ महिन्यांनी सूर्य मध्ये येतो आणि दोनेक आठवडे संपर्क जवळपास बंद. मी तो काळ अख्ख्या एका भागात घातला. संपर्क सुरू झाल्यावर तिचा पहिला निरोप: "पऱ्हाटीला बोंडं धरली का?" त्याच्या बापाच्या वावरातली पऱ्हाटी, त्यानं कधीतरी बोलता बोलता सांगितलेली. हात धरण्याच्या कितीतरी पुढची गोष्ट आहे ही. भाऊला ती दिसली नाही, कारण तो वाचत नाही, नुसतं "झालं का" बघतो.

जादूच्या जगालाही हेच लागू. शाप असेल तर त्याचे नियम आधी सांगा आणि मग ते पाळा.

आता, दर आठवड्याला भाग टाकत असाल तर प्रत्येक भागात दोघांमध्ये काहीतरी सरकलंच पाहिजे, नाहीतर भाऊचं म्हणणं खरं ठरतं. नळ-दमयंतीचं लग्न आधीच झालं होतं, असंही तो म्हणेल. म्हणू दे, ओळख पटायला लागलेला वेळ काही त्यानं कमी होत नाही. आणि दोघांना शेवटी भेटवायचंच नसेल तर वर 'प्रेमकथा' लिहू नका. लोक शिव्या घालतात, आणि बरोबर घालतात.